फाटकावरची बाहीवाली

वर्गसंघर्ष शिकवायचा पहिला दिवस मला दरवर्षी जड जातो. फळ्यावर मधोमध रेघ ओढायची, एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला कामगार, आणि या दोघांच्या झगड्यातून समाज पुढं सरकतो असं सांगायचं. यंदा मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मी गोदामात अर्धवेळ काम करते. माझा वेग माझाच चुलतभाऊ मोजतो आणि वर कळवतो. पगार त्यालाही माझ्याएवढाच. तो कुठल्या बाजूला?" वर्ग हसला. मला उत्तर येत होतं, पुस्तकात त्यावर भरपूर लिहिलंय. पण आई आठवली आणि खडू हातातच राहिला.

माझी आई शर्टांच्या कारखान्यात बाह्या जोडायची. शेजारच्या मशीनवरची बाई कॉलरी लावायची. अकरा वर्षं दोघींची खुर्चीला खुर्ची. एकमेकींची नावं त्या विसरूनच गेल्या होत्या, एक बाहीवाली आणि एक कॉलरवाली. मी तिला कॉलरमावशी म्हणायचे. बाबा मी लहान असतानाच गेले. त्यानंतर आईला ताप आला की मी जेवायला मावशीकडं, आणि मावशीचं डोकं दुखायला लागलं की तिचं राहिलेलं काम आईच्या मशीनवर. मावशीच्या जिभेला हाड नव्हतं. सुपरवायझरची चाल ती अशी हुबेहूब करून दाखवायची की हसता हसता आईची शिवण वाकडी जायची.

मग आईचे डोळे अधू झाले. एकाच्या जागी दोन टाके दिसायला लागले, बाह्या परत यायला लागल्या. त्याच सुमारास कारखान्यातून माल गायब होत होता, आणि सुटीच्या वेळी बायकांची झडती घ्यायला साहेबांना एक बाई हवी होती. त्यांनी आईला बोलावून सांगितलं, फाटकावर बस, नाहीतर घरी बस. माझी शाळा सुरू होती. आईनं फाटक धरलं, दुसरं काय करणार होती ती?

फाटकाजवळ पडदा लावलेली खोली होती, आत एक स्टूल. बायका एकेक करून यायच्या आणि दोन्ही हात बाजूला उचलून उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी रांगेत सगळ्यांत पुढं मावशी. "नीट बघ गं, माझी कंबर कधीची हरवलीय, सापडली तर दे," ती म्हणाली. रांग खो खो हसली. आईला मात्र तळहात लावायची लाज वाटली. तिनं हात उलटे केले आणि बोटांच्या पाठीनं नुसतं चाचपलं. पुढं नऊ वर्षं ती सगळ्यांना तसंच चाचपत राहिली. तिच्या लेखी तो मान होता. रांगेला तो कितपत कळला, कोण जाणे. हळूहळू हसणं आटलं, डबा खाताना तिच्यासाठी जागा धरणं थांबलं. फक्त मावशी सरकून तिला जागा द्यायची.

तिसऱ्या वर्षी ते झालं. मावशीच्या कमरेशी आईच्या बोटांना दोऱ्याचं रीळ लागलं, अर्धं संपलेलं, पांढरं. आईनं काही लागलंच नाही असं दाखवलं आणि "जा" म्हणाली. मावशीनं हात खाली घेतले तसं रीळ सुटलं, आणि पडद्याखालून घरंगळत थेट सुपरवायझरच्या बुटाशी गेलं. तो आत आला. "कुणाचं?" मग त्यानं आईला विचारलं, "झडती घेतलीस की नाही?" नाही म्हटलं तर घरी बसायचं, हो म्हटलं तर चोरीत सामील. आई म्हणाली, "हिचं आहे. आत्ता धरणारच होते."

मावशीला दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. ती भांडायला आली नाही, की आईला एका शब्दानं बोलली नाही. काही दिवसांनी तिनं वस्तीच बदलली. आईनं ही हकिगत मला एकदाच सांगितली, भांडी घासताना, पाठमोरी.

मी कॉलेजात गेले, समाजशास्त्र घेतलं, आणि अठराव्या वर्षी येते तेवढी अक्कल मला आली. एका संध्याकाळी वहीतले मालक आणि कामगार असे दोन रकाने आईपुढं धरले. "हे बघ, तू यांच्यातली नाहीस. तू त्यांच्या बाजूची. त्यांनी तुला तुझ्याच माणसांवर सोडलं." आईनं चष्मा लावून वही जवळ घेतली. मालकांच्या रकान्यात जमीन, यंत्रं, नफा असं काय काय लिहिलं होतं. "यातलं माझ्याकडं काय आहे गं?" तिनं विचारलं. ती वाद घालत नव्हती, खरंच विचारत होती. मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." आज हे वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मी तिची माफी कधी मागितली नाही.

आई निवृत्त झाली आणि फाटकावर यंत्र बसलं. आता त्यातून नुसतं चालत जायचं, यंत्राला कुणाची लाज वाटत नाही. पुढच्या वर्षी कुणाकडून तरी निरोप आला, कॉलरवाली तुझी आठवण काढते. आईनं ठेवणीतले कपडे काढले आणि मला बरोबर घेतलं. बसमध्ये ती ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती.

मावशी दारातच उभी होती. केस पांढरे, कंबर अजून हरवलेलीच. "ये गं बाहीवाले," ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं, मी शपथेवर सांगते. आई मिठी मारायला पुढं झाली. आणि मावशीचे दोन्ही हात आपोआप बाजूला उचलले गेले, खांद्यांच्या रेषेत, ताठ. आईचे हात तिच्या कमरेशी पोचले होते, तेही उलटे, बोटांच्या पाठी पुढं करून. दोघी तशाच थांबल्या. मग मावशीनं हात खाली घेतले, "चहा टाकते" म्हणाली आणि आत गेली.

चहा झाला, गुडघेदुखी झाली, सुपरवायझरची चालही झाली. आईनं घोकलेलं बोलायला सुरुवात केली तेव्हा मावशीनंच तिला थांबवलं. "सोड गं, तुझ्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते." सगळं झालं. मिठी तेवढी राहिली. निघताना दोघींपैकी कुणीच पुढं झालं नाही.

परतीच्या बसमध्ये आई दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. थंडी वाजतेय का, मी विचारलं.

"नाही गं," ती म्हणाली. "मी आज कशाला गेले होते, ते या हातांना कळलंच नाही."