तान्ह्या पोळ्याच्या काकड्या
काकडी चिरली की मला वलगावचा तान्हा पोळा आठवतो. माझ्या तेव्हा दहा वर्षांच्या भाचीची साखर काठावर होती; डॉक्टरांनी गोड कमी आणि खेळणे जास्त सांगितले होते. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी गेले की मुलांना चॉकलेट मिळते, म्हणून बहिणीने तिला घरीच बसवले. ती रडू लागली. भाजीपाला पिकवणारी शेजारची काकू बहिणीवर ओरडली, "कावून रडवून राहिली पोरीले? बैल कधी चॉकलेट खाते का?" तिने शेतातल्या काकड्या गल्लीत घरोघरी दिल्या आणि त्या संध्याकाळी सगळ्याच मुलांना काकडी मिळाली. भाची शेवटच्या घरापर्यंत पळाली. यंदा तान्ह्या पोळ्याला ती कॉलेजातून आली आणि दारात काकड्यांची टोपली घेऊन बसली. पहिली काकडी तिने काकूला दिली. काकू म्हणाली, "मले कावून? माहा बैल कुठी हाय?"