आत्यानं उचललेला वाटा

"मंग मी काय घोडनदीत वाहून आलेली घावले व्हय तुम्हाला?"

दौंडच्या आत्याचा एक पाय अजून रिक्षातच होता, पण आवाज थेट कारेगावच्या कंपनीत पोचला. तिथं म्हणे भोंगा झाला असं समजून अख्खी शिफ्ट डबे उचलून घरी गेली. काका त्याच कंपनीत. घराच्या वाटणीसाठी रजेवर होते म्हणून वाचले.

निमोण्याचं आमचं घर तिघा भावांत वाटायचं होतं: थोरले आप्पा, माझे वडील आणि काका. आत्या ही तिघांची एकुलती, सगळ्यांत धाकटी बहीण. तिनं हक्क सोडल्याची सही करायची, साडी घ्यायची आणि दौंडला परत जायचं, हे तिला सोडून सगळ्यांनी ठरवलं होतं.

आमच्याकडं रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. शेवटी उरेल तो आपल्यालाच, म्हणून थोरला केसाचाही फरक ठेवत नाही. आप्पांनी तर कहर केला. खोल्या टेपनं मोजल्या, मग टेपवर भरवसा नाही म्हणून वितीनं मोजल्या. भिंतीतल्या खुंट्या, माळ्यावरचे उंदीर, दुपारचं ऊन, सगळं सारखं वाटून टाकलं. मधल्या वाट्यात एक पाल जास्त भरली, तर तिला झाडूनं हाकत शेजारच्या वाट्यात नेऊन सोडली. मी डोळ्यांनी पाहिलंय.

"धाकटा मी," काका पुढं झाले. "नळाकडचा वाटा माझा."

"धाकटी मी हाय," आत्या म्हणाली.

आप्पांची पंचाईत झाली. सकाळपासून रीतीचं पुराण त्यांनीच लावलं होतं.

"आगं, तुला काय करायचंय? दौंडला तुझा एवढा बंगला हाय. दिवाळीला येत जा की, माहेरच हाय तुझं."

"कुणाकडं येऊ, आप्पा?" या वेळी तिचा आवाज शेजारच्या खोलीतही गेला नसता. "आजवर एक दार व्हतं. आता तीन व्हणार. तुमच्याकडं उतरले तर ह्यो रुसणार, ह्याच्याकडं उतरले तर वैनी इचारणार, किती दिस हाय मुक्काम."

दाराआडूनच भांडं आपटल्याचा आवाज आला. वडील छताकडं बघत राहिले.

"बरं, उचल," आप्पा म्हणाले. "कुठला?"

"ओटा."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. घरापुढं या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला दगडी ओटा. वर पत्रा, खाली गार फरशी. आप्पांनी तो वाट्यात धरलाच नव्हता. बाई स्वस्तात सुटली म्हणून सगळे हसले, आणि शिरूरला जाऊन रीतसर कागदही झाला. तिन्ही वाट्यांची दारं पाडायला गवंडी आला तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. मागं आणि दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. दारं उघडणार ती ओट्यावरच.

त्या दिवाळीला आत्या आली आणि ओट्यावर बाज टाकून ऐसपैस बसली. तिन्ही घरांतून चहा आला. कुणाचा आधी प्यायली यावरून रामायण नको म्हणून तिनं तिन्ही कप एका तांब्यात ओतले आणि घटाघटा प्यायली. तेवढ्यात काका शिफ्टवरून आले आणि पायरीशीच थांबले.

"आता आमच्याच घरात जायला तुझी परवानगी काढायची का गं?"

"परवानगी न्हाई लागत," आत्या म्हणाली. "बूट काढून जायचं."