आईसाठी न झालेली मिस्सा

माझे बाबा कॅथलिक, आई प्रोटेस्टंट. बाबा चिखल्याच्या मँगनीज खाणीत फिटर होते. लग्नानंतरही दोघांनी आपापलं चर्च सोडलं नाही.

सत्तरच्या दशकात अधूनमधून फादर येत आणि खाणीच्या कॉलनीत कुणाच्या तरी घरी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, होई. बाबांनी ती लहानपणी लॅटिनमध्ये ऐकलेली, आता हिंदीत. त्यांना चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. पण रोमच्या पोपनंच सांगितलंय म्हटल्यावर त्यांनी लोकांनी म्हणायची नवी उत्तरं निमूटपणे पाठ केली. आई म्हणायची, "शास्त्रात आहे थे खरं. बाकी माणसाईनंच बनवलं, माणसाईनंच बदलवलं." तिच्या चर्चच्या मंडळीत गीताची जुनी चालही कुणी बदलू देत नसे, हे बाबा तिला लगेच ऐकवायचे.

शेजारी दवाखान्यातली केरळची नर्स राहायची. ती ऑर्थोडॉक्स, ख्रिस्त्यांच्या तिसऱ्याच, जुन्या पंथाची. ईस्टरआधीचे उपास ती दूध-अंडंही वर्ज्य करून, तिच्या आजीसारखेच पाळायची. तुमच्यात काहीच बदलत नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "जिनसे ये सब मिला, उनको क्या जवाब देगा?"

ऐंशी सालानंतर काविळीनं आई गेली. मामानं तिला आपल्या गावी, त्यांच्या मंडळीच्या दफनभूमीत पुरलं. त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "फादरले सांगून तिच्या आत्म्यासाठी मिस्सा ठेवतो."

"जवाईबापू, थे प्रभूजवळ गेली," मामा म्हणाला. "मेलेल्यासाठी प्रार्थना शास्त्रात नाही. तिनं कधी मानली नाही. आता तिच्या नावानं कायले करता?"

"मंग मी तिच्यासाठी काहीच करू नको?"

मामा रडायला लागला, पण हो म्हणेना. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तिले चाललं असतं का?"

आईचं मत मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "नाही, बाबा."

त्यांनी मिस्सा ठेवली नाही. नर्सनं विचारलं, "हमारे में प्रार्थना में मरे हुए सबका नाम लेता है. मैं लेगा?" बाबा म्हणाले, "नको सिस्टर. तिनं नाही म्हटलं असतं." पुढे मिस्सेत मृतांसाठी प्रार्थना सुरू झाली की ते उठून बाहेर अंगणात जायचे. मी एकदा मागे गेले, तर भिंतीला कपाळ टेकून उभे होते.

काही वर्षांनी बाबाही गेले. त्यांना कॅथलिक दफनभूमीत, नागपुरात पुरलं. दर नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात, मी त्यांच्यासाठी मिस्सा ठेवते, मेणबत्ती लावते. मग एसटीनं मामाच्या गावी जाते, आईच्या कबरीवरचं गवत उपटते आणि प्रार्थना न करता परत येते.