निकालाच्या दिवशीची रेषा

बारावीचा निकाल दुपारी एक वाजता लागणार होता. निकालाची वेबसाइट ज्या सर्व्हरवर चालते, तो किती दमतोय हे दाखवणारी हिरवी रेषा मी आणि माझी सहकारी सुनीता पडद्यावर बघत बसलो होतो. एक वाजायला पाच मिनिटं असेपर्यंत ती दहा टक्क्यांवर निवांत पहुडली होती. एक वाजला आणि उसळलीच! चाळीस, सत्तर, नव्वद!

“अगं, पंच्याण्णव! बंद पडतोय आता,” सुनीता माझा दंड आवळत ओरडली.

“नाही पडत. मेमरी शिल्लक आहे अजून,” मी म्हणाले खरी, पण मीही खुर्चीतून उठून पडद्यावर वाकले.

रेषा वरच थरथरत राहिली, पण सर्व्हर टिकला. वर्षभर हा आलेख मी यंत्राचा म्हणून वाचते. त्या दिवशी मात्र मला त्यात गावोगावची बोटं दिसत होती, सीट नंबर टाकताना चुकणारी, पुन्हा टाकणारी. कुणाच्या पाठीशी आई उभी, कुणाच्या सगळी आळी. एवढी धडधड एका रेषेत मावते तरी कशी!

चारपर्यंत रेषा पुन्हा खाली आली. सुनीता चहा आणायला उठली. तेवढ्यात त्या सपाट रेषेवर एक इवलासा उंचवटा आला. इतका वेळ धीर गोळा करत बसलेलं कुणीतरी असणार.

“बघ बाळा, बघ,” मी पडद्याला म्हणाले. अख्खा सर्व्हर आता त्या एकट्यासाठी मोकळा होता.