तडा गेलेल्या बाटल्या

बाबांचा डावा डोळा सोड्याच्या बाटलीनं गेला. लालबागला आमचा सोडावॉटरचा लहानसा कारखाना होता, गोटीच्या बाटल्यांचा. बाटली यंत्रात उलटी बसवायची, चाक फिरवून पाणी आणि गॅस दाबानं आत सोडायचा, की गोटी गळ्याशी येऊन घट्ट बसते. बाटलीला कुठं तडा असला तर त्या दाबाखाली ती बाँबसारखी फुटते. त्या दिवशी बाबांनी भरणाऱ्याला बाजूला सारलं, "हात कसा चालला पाहिजे ते बघ," म्हणाले आणि स्वतः यंत्रापुढे उभे राहिले. थोड्याच वेळात एक बाटली त्यांच्या तोंडासमोर फुटली.

मी तेव्हा गिरगावात मुलींच्या शाळेत शिकवत होते. निरोप आला तशी वर्ग सोडून परळच्या हॉस्पिटलात गेले. बाबांना आत नेलं होतं. बाहेर व्हरांड्यात आमचा मुकादम भरणाऱ्याला बडवत होता. भरणारा त्याचा सख्खा भाचा, मालवणकडचाच, लग्न झालेला, एका मुलीचा बाप. तो भिंतीला पाठ टेकून उभा होता आणि मार चुकवायला हातसुद्धा आडवा घेत नव्हता. एका नर्सनं येऊन दरडावलं तेव्हा मुकादम थांबला. मला बघून रडायला लागला. बाबांवर त्याचा फार जीव.

आई नव्हती, मला भाऊही नव्हता. डोळ्याला पट्टी बांधून पडलेल्या बाबांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "कारखाना तू बघ. मुकादमाच्या कामात पडू नकोस. हात उचलला की हात चालतो, एवढं लक्षात ठेव."

हे त्यांचं जुनं वाक्य. पूर्वी ते स्वतः मारायचे. वय झाल्यावर ते काम त्यांनी मुकादमाकडे दिलं होतं.

शाळेतून रजा घेऊन मी रोज ट्रामनं लालबागला जायला लागले. पहिल्याच सकाळी बाटल्या धुणाऱ्याच्या हातून एक बाटली निसटून फुटली. हा धुणारा भोईवाड्याच्या चाळीत, अस्पृश्यांच्या वस्तीत राहायचा, अंगानं काटकुळा, बोलणं कमी. मुकादमानं खोक्याची फळी उचलली आणि त्याच्या पाठीत घातली. आवाज असा आला की माझ्या हातातली पिशवी खाली पडली. धुणारा वाकला, तसाच टाकीत हात घालून पुढची बाटली धुवायला लागला.

"मुकादम, हे चालणार नाही," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही शाळेतल्या," तो शांतपणे म्हणाला. "ह्यांका मारल्याशिवाय काम होणा नाय."

मी पुष्कळ बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दुपारी भाच्याच्या कानाखाली वाजवली. कारण काय, तर हात सावकाश चालतो. भाच्याच्या कानातून रक्त आलं. ते त्यानं सदऱ्याच्या बाहीला पुसलं.

घरी येऊन मी विचार करत बसले. उपदेशानं काही होणार नव्हतं. मुकादमाला काढलं असतं तर बाबा त्याच दिवशी त्याला परत बोलावून घेणार, हेही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा भाच्यावर हात टाकला तेव्हा मी यंत्र थांबवलं. भरणाऱ्याला म्हटलं, "तू इकडे ये, स्टुलावर बस. आज तुला सुट्टी. पगार चालू." आणि मुकादमाला म्हटलं, "तुम्ही ज्याला माराल, त्याचं त्या दिवशीचं काम तुम्ही करायचं. उभे राहा यंत्रापुढे."

"मी?"

"तुम्हीच. आणि आधी तोंडाला जाळी लावा."

जाळीचा मुखवटा आणि गोणपाटाच्या बाह्या खिळ्याला टांगलेल्या असायच्या. कुणी घालत नसे, कारण जाळीतून नीट दिसत नाही, मग हात मंदावतो, आणि हात मंदावला की मार. मुकादम रागानं लाल झाला होता, पण मालकाच्या मुलीला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. मुखवटा चढवून तो दुपारभर चाक फिरवत राहिला. उन्हं उतरताना एक बाटली फुटली. काचा जाळीवर आपटल्या, एक बाहीतून आरपार गेली आणि दंडात रुतली. त्यानं ती ओढून काढली, माझ्याकडे न बघता टाकीत दंड धुतला आणि पुढची बाटली लावली. दुसऱ्या दिवशी त्यानं हात उगारला, स्टुलाकडे बघितलं आणि खाली घेतला. शिव्या मात्र दुप्पट झाल्या. त्यावर माझ्याकडे इलाज नव्हता.

आता बाटल्या इतक्या का फुटतात, ते मला बघायचं होतं. मी सगळ्यांना सांगितलं की तडा गेलेली बाटली दिसली तर दाराजवळच्या खोक्यात ठेवा, कुणाला काही विचारणार नाही, पगारातून काही कापणार नाही. एकही बाटली आली नाही. दोन दिवस खोकं रिकामं. तिसऱ्या दिवशी मीच धुतलेली एक बाटली उचलली आणि सगळ्यांच्या देखत टाकीच्या दगडी काठावर आपटली. बारीक तडा गेला. "ही माझ्या हातून गेली," म्हटलं आणि खोक्यात ठेवली. धुणाऱ्याला हसू आलं. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. संध्याकाळी त्यानं एक बाटली आणून माझ्या बाटलीशेजारी ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंस." मग बाटल्या येऊ लागल्या. आठवडाभरात खोकं भरलं. एवढा सगळा बाँबगोळा इतके दिवस यंत्रातून जात होता.

त्या खोक्यापाशीच भरणारा एका दुपारी येऊन उभा राहिला. कान अजून सुजलेला होता.

"बाई, मालकांची बाटली माझ्या हाताखालून गेलेली."

"म्हणजे?"

"मी तडा बघितलेला. गळ्याजवळ होता. आदल्या दिवशीच मामानं मला मारलं होतं. आणखी एक बाटली गेली म्हणून सांगितलं असतं तर मामा जीवच घेता. म्हणून चांगल्यांत ठेवून दिली. वाटलं, नंतर फेकू. तेवढ्यात मालक येऊन उभे राहिले. मी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाले, गप्प बघ."

त्याचं बोलणं संपतंय तोच मागून मुकादम आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याच्या तोंडातून शिवीसुद्धा आली नाही. त्यानं खोक्यातली एक बाटली गळ्याला धरून उचलली आणि भाच्यावर धावला. भाचा यंत्राच्या कोपऱ्यात सापडला. मी ओरडत राहिले. धुणारा टाकीपासून पळत आला आणि दोघांच्या मध्ये शिरला. बाटली त्याच्या डोक्यावर फुटली. तो खाली बसला, मग आडवा झाला. फरशीवरचं पाणी लाल होत दारापर्यंत गेलं.

मी आणि भरणाऱ्यानं त्याला व्हिक्टोरिया घोडागाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. टाके पडले. पोलिसांत जाऊ या, असं मी म्हटलं. धुणारा म्हणाला, "पोलीस आमच्या बाजूनं कधी असतात, बाई?" परत येऊन बघते तर मुकादम फरशी धूत होता. मी त्याला म्हटलं, "घरी जा. धुणारा परत येईल आणि तुम्हाला घ्या म्हणेल, तेव्हाच या."

धुणारा चार-पाच दिवसांनी आला, डोक्याला भलंमोठं पांढरं फडकं बांधून. मुकादमाचं काय करायचं, ते मी त्यालाच विचारलं. त्यानं टाकीकडे बघितलं. मग म्हणाला, "येऊ द्या. पण तुमचा नियम आहे ना, माझं काम त्यांनी करायचं. टाके निघेपर्यंत."

तेव्हा मालवणी मुकादम भोईवाड्याच्या माणसाच्या जागी टाकीवर बसून बाटल्या धुऊ लागला, आणि तो शेजारी बसून प्रत्येक बाटली उजेडात धरून बघू लागला. मुकादम त्याच्याशी बोलत नसे. बाटली धुवायची आणि बाजूला ठेवायची. इतर माणसं टाकीकडे बघायचं टाळत.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार, असं रेडिओवर जाहीर झालं आणि लालबाग-परळ पेटलं. गिरण्यांतून माणसं बाहेर पडली. दगड, अश्रुधूर, लाठ्या आणि मग गोळ्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक माणूस पालथा पडलेला मी त्या सकाळी पाहिला. चप्पल एकाच पायात होती. त्याच्याजवळ जायला कुणी धजत नव्हतं. मुंबई महाराष्ट्राला मिळावी असं मलाही वाटत होतं, कारखान्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं.

दुपारी दहाबारा तरुण अंगणात घुसले. त्यांना बाटल्या हव्या होत्या. भरलेली बाटली हलवून फेकली की काय होतं, ते गिरणगावात सगळ्यांना माहीत होतं. भरणाऱ्यानं एक भरलेलं खोकं उचललंसुद्धा.

"खाली ठेव," मी म्हटलं.

"बाई, आपली माणसं मरतायत," एक जण म्हणाला. त्याचे डोळे अश्रुधुरानं सुजले होते.

"मला दिसतंय. पण भरलेली बाटली माणूस बघून लागत नाही. एका माणसाचा डोळा इथेच गेलाय. मी देणार नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्यांनी वेळ घालवला नाही. दाराजवळचं तडकलेल्या बाटल्यांचं खोकं उचललं आणि गेले. रस्त्यावर काचा फुटल्याचे आवाज आले, मागोमाग शिट्ट्या आणि बंदुकांचे बार.

थोड्या वेळानं पोलीस आत आले. फौजदार तरुण होता, गालावर काच लागून रक्त येत होतं. त्यानं एकवार सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती धुणाऱ्याच्या डोक्यावर थांबली.

"हा दंगलीतला."

"तो इथला कामगार आहे," मी म्हटलं. "ही जखम जुनी आहे."

"बाई, तुम्ही बाजूला व्हा. डोकं कशानं फुटलं रे?"

धुणारा बोलला नाही. शिपायानं गुडघ्यावर लाठी मारली. तो खाली पडला. दुसरी लाठी पाठीवर, तिसरी खांद्यावर. तरी तो बोलला नाही आणि टाकीकडे बघतही नव्हता. मी मध्ये जायला लागले तर एकानं मला दंडाला धरून भिंतीशी ढकललं.

मुकादम टाकीवरून उठला. हात कोपरापर्यंत ओले.

"साहेब, ते डोकं मी फोडलंय."

"तू कोण?"

"मुकादम. बाटलीनं फोडलंय."

"कशाला?"

"माका राग इलो."

फौजदाराला ती थट्टा वाटली असावी. त्यानं शिपायांना खूण केली. मुकादम थोराड माणूस होता, खाली पडायला वेळ लागला. लाठी अडवायला त्यानं उजवा हात वर केला तेव्हा मनगट मोडल्याचा आवाज मला भिंतीपाशी ऐकू आला. त्याला तसंच ओढत गाडीत घातलं. धुणारा फरशीवर पडून होता, त्याला त्यांनी सोडलं.

बऱ्याच दिवसांनी मुकादम सुटून आला. मनगट वेडंवाकडं जुळलं होतं, चाक फिरवणं आता त्याला जमणार नव्हतं. तो दारात उभा राहिला तेव्हा धुणाऱ्यानं एक खोकं पालथं करून त्याच्यापुढे सरकवलं. मुकादम बसला. दोघांत त्याबद्दल काही बोलणं झालं असेल तर मला माहीत नाही. पुढच्या वर्षी शिमग्याला तो गावी गेला आणि तिकडेच राहिला.

बाबांना मी सगळं घरी सांगितलं. तडा कुणी पाहिला आणि लपवला, तेही. त्यांनी हाताशी होता तो पितळी तांब्या भिंतीवर भिरकावला. भिंतीचा गिलावा निघाला.

"उद्याच्या उद्या काढ त्याला."

"मार चुकवायला त्यानं ती लपवली, बाबा. मारायचा नियम आपल्या घरचा."

"माझा डोळा गेलाय. तू मलाच शिकवतेस?"

"त्याला काढायचं असेल तर कारखाना तुम्ही बघा. मी शाळेत जाते."

ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. ताटाला ताट लावून जेवायची आमची सवय मोडली ती मोडलीच. कारखान्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, भरणाऱ्याला काढ, असंही पुन्हा म्हणाले नाहीत. भरणारा मात्र स्वतःच गेला. एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. जाताना म्हणाला, "मालक कधी दारात आले तर मी कुठे बघू, बाई?"

मुकादमाची जागा मी धुणाऱ्याला दिली. तोवर त्यानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. आधी तो नको म्हणाला, नंतर कबूल झाला. दोन जुनी माणसं म्हणाली, त्याचा हुकूम आम्ही ऐकणार नाही. मी त्यांना समजावलं नाही. त्यांचा हिशेब करून दिला. पुन्हा माणसं जुळवेपर्यंत उन्हाळ्याचा अर्धा हंगाम हातचा गेला, आणि दोन दुकानदार दुसऱ्या कारखान्याकडे वळले ते कायमचे.

नव्या माणसांना घेऊन काम सुरू झालं त्या सकाळी मी मेजापाशी बसले होते. एक जण तोंडाला जाळी न लावता यंत्रापुढे उभा राहिला. नवा मुकादम अंगणातून असा गरजला की मी खुर्चीवरून उठलेच. त्यानं वळून मला बघितलं.

"ओरडलो फक्त, बाई."

"दिसलं मला," म्हटलं आणि मी खाली बसले.