भिकाजीपंतांची पहिली घोडी

"धरा हो धरा! अहो, कुणीतरी धरा!"

आबाकाका खाडीच्या बांधावरून ओरडत होते. घोडा धरण्यासारखा उरलाच नव्हता; दुर्गाडीच्या दिशेने तो ठिपका झाला होता. धरायचं होतं त्यांच्या पुतण्याला, भिकाजीपंतांना. ते अजून हवेत होते. इतके उंच गेले होते, की खाली येईपर्यंत माझी तंबाखू मळून झाली. नशीब, खाली चिखल होता.

मी चाबुकस्वार. म्हणजे चाबूक मारणारा नव्हे. कोरं जनावर खोगिराला सरावायचं आणि मग त्यावर बसणाऱ्या माणसाला सरावायचं, हा माझा धंदा. कल्याणात तीस वर्षं केला. घोड्यांनी मला त्यातल्या त्यात कमी त्रास दिला.

"खंडूजी," भिकाजीपंत चिखलात उठून बसत म्हणाले, "आठ दिवसांत जमेल ना?"

वय चाळीस. कचेरीत अठरा वर्षं कारकून. आता सर्कल इन्स्पेक्टरची जागा रिकामी झाली होती आणि ती त्यांना हवी होती. कल्याणला आगगाडी होती, पण सारावसुलीची गावं काही रुळांवर वसलेली नव्हती. तिथे घोड्यावरूनच जायचं. गोऱ्या साहेबाची अट साधी होती. आठ दिवसांनी कल्याणहून डोंबिवलीपर्यंत माझ्याबरोबर घोड्यावर या. आलात तर जागा तुमची, नाहीतर दुसऱ्याची.

"अठरा वर्षं मी त्या गावांची नावं लिहितोय," पंत धोतराचा चिखल झाडत म्हणाले, "त्यातलं एकही गाव पाहिलेलं नाही हो."

मी पुढे होऊन त्यांच्या पाठीचा चिखल झाडू लागलो. कारण तो घोडा मीच विकला होता. नको म्हणालो होतो, पण दोनदाच.

दोष भोवऱ्याचा. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. गळ्यावर असला तर देवमण, धन्याची भरभराट. डोळ्याखाली असला तर आसूढाळ, धन्याच्या घरी रडारड. आमच्याकडचे लोक घोड्याचे दात मागाहून बघतात, भोवरे आधी. आबाकाकांनी तबेल्यात येऊन देवमण पाहिला आणि हात जोडले. घोडा तीन वर्षांचा, ताडाएवढा, स्वतःच्या शेपटीला बुजणारा. ते कुणी पाहिलं नाही.

तबेल्यात दुसरं जनावर होतं ते एका वैद्यबुवांची घोडी. बुवांचे गुडघे गेले म्हणून माझ्याकडे आलेली. बुटकी, पोटाळ, बारा वर्षं खेड्यापाड्यांतून हिंडलेली. कानाशी तोफ उडवली तरी जांभई देईल अशी. पण डावीकडच्या डोळ्याखाली आसूढाळ. गिऱ्हाईक पुढ्यात उभं राहत नव्हतं.

मी तीच बाहेर काढली.

"अरे, हे रडकं जनावर घरात आणू? सूनबाई रडेल!" आबाकाका कडाडले.

"काका, देवमणवाल्याने आज काय कमी ठेवलं होतं?"

भिकाजीपंतांनी घोडीकडे पाहिलं. घोडीने त्यांच्याकडे. दोघंही दमलेले होते.

"बसलो तर पाय जमिनीपासून किती वर राहतील?"

"पंत, बसलात काय नि उतरलात काय, फारसा फरक नाही."

"मग हीच."

आठ दिवस मी त्यांना पहाटे बसवत होतो. पडले फक्त चाळीस वेळा, आणि त्यातल्या पाच वेळा घोडी उभी होती. एक गोष्ट मात्र सांगायची विसरलो. विसरलो असंच धरा. वैद्याची घोडी ती. घर दिसलं की दाराशी जाऊन उभी राहायची.

ठरल्या दिवशी साहेब पुढे, पंत मागे, मी पायी. ठाकुर्लीचं पहिलं घर आलं. घोडी थांबली. मनात आलं तेव्हा निघाली. दुसऱ्या घराशी पुन्हा थांबली. साहेब दर वेळी वळून बघायचा. पंतांचा चेहरा खडूसारखा पांढरा. मी मनातल्या मनात गाव सोडायची तयारी केली.

डोंबिवलीत मिठागराच्या अंगाला एक आगरी म्हातारी बाहेर आली. डोळ्यांनी अधू. तिने घोडीचं नाक चाचपलं.

"वैद्यबुवा, किती दिसांनी आलास रं! माजा हात बग."

पंतांनी काय करावं? एक हात खाली करून मुकाट्याने नाडी धरली.

"बाई, मी वैद्य नाही. कचेरीतला आहे."

"कचेरीतला? नि माज्या दारान?" म्हातारीने हात सोडवला नाही. "मग आयक. बांध फुटलाय. खारं पानी शेतान शिरलंय. कोन इकरं फिरकत नाय."

"मिठागराच्या खालचं शेत ना? पोशीबाई तुम्हीच का? सारा तर दर साल वेळेवर येतो तुमचा."

म्हातारीने मान वर केली. "माजं नाव तुला कुनी सांगलं?"

"अठरा वर्षं लिहितोय, आजी."

मग शेजारची चार घरंही बाहेर आली. फुटलेल्या बांधांची सबंध यादी त्या घोडीच्या गळ्याशी तयार झाली. साहेबाचा कँप तिथून हाकेवर होता. तिथवर यातली एक ओळ पोचलेली नव्हती.

परतताना साहेब मला म्हणाला, "बाकीचे लोक धूळ उडवून जाते. हा मानूस दर एक दार थांबला." त्याने तसाच रिपोर्ट लिहिला. जागा पंतांना मिळाली. पावसाळ्याआधी बांधही झाला. सूनबाई रडल्या, पण आनंदाने. आबाकाकांनी तेवढंच धरून भोवरा खरा ठरवला.

तेव्हापासून मोठेपणी शिकायला येणाऱ्याला मी एकच सांगतो. पहिलं जनावर आपल्यापेक्षा बुटकं नि आपल्यापेक्षा शहाणं असावं. जोडीत शिकाऊ एकच पुरे.

डोंबिवलीहून परतलो त्या संध्याकाळी खोगीर उतरवताना मी पंतांना विचारलंच, "घोडी दर दाराशी थांबत होती, तर लगाम का नाही ओढलात?"

"लगाम कुठे होता हातात?" पंत म्हणाले. "मी आयाळ धरली होती."