सोमवारची हजेरी

मी पदवीधर झालो तो चौथीच्या वर्गाच्या बाईंमुळे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं.

चाकणजवळच्या आमच्या शाळेत सोमवारी बाई हजेरी घेत, तेव्हा ‘हजर’ म्हणायचं नसे. आईवडिलांची शिफ्ट सांगायची. ‘आई फर्स्ट, पप्पा सेकंड.’ ‘दोघं फर्स्ट.’ फर्स्ट दुपारी सुटायची, सेकंड रात्री अकराला; म्हणून जो ‘दोघं सेकंड’ म्हणेल त्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात जायचं. पाचला शाळा सुटली की ही मुलं सातपर्यंत बाईंपाशी. सातला फर्स्टवाली एखादी आई यायची आणि कोपऱ्यातलं एक पोर स्वतःच्या घरी जेवायला न्यायची. पुढच्या आठवड्यात शिफ्ट बदलली की जेवणाचं घरही बदलायचं. माझं घोडं भागाकारापाशी अडलं होतं, ते त्या दोन तासांत पुढे सरकलं.

“शाळा सुटली बाई, तुम्ही कधी सुटणार?” दुसऱ्या वर्गाचे गुरुजी टोमणा मारत.

“यांना जेवायला न्यायला कोणाची तरी आई आली की,” बाई म्हणत.

पुढे ते गुरुजीही गृहपाठ राहिलेली मुलं बाईंकडेच पाठवू लागले.

ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन मी चाकणच्याच कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत लागलो. आता शिफ्टचा तक्ता मी बनवतो. गेल्या महिन्यात माल तातडीने पाठवायचा होता, म्हणून मी एक अख्खी लाइन सेकंडला टाकली. एक कामगार टेबलाशी आला. त्याची बायको आमच्याकडेच पॅकिंगला आहे.

“साहेब, आम्ही दोघंबी सेकंडला आलोत. एकाला फर्स्ट देता का?”

“आठवड्याचा तर प्रश्न आहे. ॲडजस्ट करा राव.”

तो “बरं” म्हणून मशीनवर गेला. घरी कोण आहे, हे मी विचारलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास त्याच्या बायकोला लाइनवरच चक्कर आली. नवऱ्याची मशीन थांबवता येत नव्हती, म्हणून तिला गाडीतून मीच घरी सोडलं. खोलीला बाहेरून कुलूप होतं. तिने ते काढलं आणि आत शाळेच्या गणवेशात सात वर्षांची मुलगी बसलेली दिसली. ती दचकली नाही, रडलीही नाही.

“आई, कंपनीला सुटी झाली का?”

मी दारातच उभा राहिलो. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “सकाळची शाळा हाय तिची. आतून कडी लावली तर कुणीबी हाक मारली की उघडती ही. म्हणून बाहेरून.” मग तिने डब्याच्या पिशवीतून गॅसचा रेग्युलेटर काढला आणि सिलिंडरला बसवला.

“हा रोज कंपनीत नेता?”

“व्हय. भूक लागली की पेटवायला जाईल ना, साहेब.”

सोमवारपासून रोज अडीच ते अकरा ती पोर कुलपाआड होती. आणि कुलूप माझ्या तक्त्याने घातलं होतं. माझ्या, ज्याचं स्वतःचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात असायचं.

रात्री बाईंना पत्र लिहिलं.

‘ती. बाईंस, साष्टांग नमस्कार.

तुम्ही निवृत्तीनंतर तळेगावात असता असं कळलं. एक गुन्हा कबूल करायचा आहे. एका मुलीचे आईवडील दोघं सेकंड होते आणि ते मीच केलं. तिच्या वडिलांना उद्यापासून फर्स्ट दिलंय. पण त्या गल्लीत अशी अजून पाच कुलपं आहेत असं तिच्या आईनं सांगितलं, आणि सगळ्यांच्या शिफ्ट माझ्या हातात नाहीत. तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आज संध्याकाळीच घरी जाऊन भेटलो; ते दुपारी एक वर्ग उघडा ठेवायला तयार आहेत. भागाकार मी शनिवारी शिकवीन. पण कोणतं पोर कोणाच्या घरी जेवायला द्यायचं, हे मला जमणार नाही. त्यासाठी आया तुमचंच ऐकतील.

सोमवारी सकाळी गाडी घेऊन येतो. पहिली हजेरी तुम्ही घ्याल का?

तुमचा,
फळ्याच्या कोपऱ्यातला’